जिन्याच्या पायथ्याशी

आमच्या घराच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. या घरात राहायला येऊन वीस वर्षे झाली, तरी ही संख्या मला ठाऊक नव्हती. ती मोजली गेल्या आषाढात, चिमी चौथ्या पायरीवर बसून राहिली तेव्हा. चिमी ही आमची तेरा वर्षांची कुत्री. आई रस्त्यावरची, बाप शेजारच्या बंगल्यातला डॅशंड. त्यामुळे अंग लांबट, पाय आखूड आणि स्वभाव कमालीचा हट्टी. पहाटे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी माडीवरच्या खोलीत जाते, तेव्हा ती मागोमाग वर येई आणि टेबलाखाली पाय ताणून झोपे. त्या दिवशी ती चार पायऱ्या चढली, थांबली, वर पाहिले, आणि तिथेच बसण्याचा आपला पहिल्यापासून बेत होता अशा ऐटीत बसली. मी तिला उचलून वर नेले. दुसऱ्या दिवशीही नेले. तिसऱ्या आठवड्यात उतरताना तिचा मागचा पाय घसरला, तीन पायऱ्या ती गडगडत खाली आली, आणि पुढचे दोन दिवस पाठीची कमान करून कोपऱ्यात उभी राहिली.

पशुवैद्यांनी औषध दिले, सक्तीची विश्रांती सांगितली आणि निघताना म्हणाले, ‘जिना बंद करा, नाहीतर उतार तरी करून घ्या.’ सुताराला बोलावले. माप घेण्यापूर्वी त्याने विचारले, ‘बाई, कुत्र्यासाठी?’ त्याच्या स्वरात थट्टा नव्हती, निव्वळ कुतूहल होते. मला चटकन उत्तर सुचले नाही. मग अध्यापकाच्या जातकुळीप्रमाणे मी पुस्तकांकडे वळले. घर बांधताना माणसाने आपल्याबरोबर राहणाऱ्या जनावरांच्या पायांचा कधी विचार केला होता का, केला असेल तर कोणत्या जनावरांचा, आणि कशासाठी? या शोधात जे हाती लागले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही रुचेल असे वाटल्यावरून येथे मांडते.

पहिला पुरावा हाती आला तो अगदी उलट्या दिशेचा. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरमध्ये हॅटफील्ड हाउस नावाचा भव्य प्रासाद आहे. पहिल्या जेम्स राजाचा मंत्री रॉबर्ट सेसिल याने तो बांधला. १६११ साली काम पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी सेसिल वारला. या प्रासादातला ओक लाकडाचा कोरीव जिना पाहण्यासाठी आजही लोक जातात. त्याच्या खांबांवर नाना आकृती आहेत. त्यांतली एक हाती दाताळे घेतलेल्या माळ्याची आहे आणि ती तिथल्या बागा सजवणाऱ्या जॉन ट्रेडेस्कंटची असावी असे मानतात. पण माझी नजर अडली ती जिन्याच्या पायथ्याशी. तिथे लाकडी फाटके आहेत. शिकारी कुत्री खालच्या दालनातून वरच्या खाशा खोल्यांत जाऊ नयेत म्हणून ती बसवलेली. त्या काळच्या इंग्लंडमधल्या आणखीही काही घरांत अशी फाटके होती. जिन्यावर कुत्र्याचा विचार करून सुताराने हत्यार चालवल्याचा मला सापडलेला हा सर्वांत ठळक जुना दाखला, आणि तो कुत्र्याला वर नेण्याचा नव्हे, खाली ठेवण्याचा आहे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मध्ययुगीन सरदाराच्या घरात मुख्य दालन एकच. मालक, नोकर, पाहुणे, भाट आणि कुत्री यांचा वावर तिथेच. जेवणाच्या मेजाखाली हाडे पडत आणि कुत्री ती चघळत. पुढे मालकाला एकांत हवासा झाला. त्याच्या खोल्या वर सरकल्या, आणि खाली-वर यांतल्या भेदाला एक भपकेदार रूप मिळाले, ते म्हणजे हा जिना. अरुंद, गोल फिरणाऱ्या दगडी जिन्याची जागा रुंद, कोरीव, मिरवणुकीने चढण्याजोग्या जिन्याने घेतली. कोणी कितव्या पायरीपर्यंत यावे, पाहुण्याला घ्यायला यजमानाने किती पायऱ्या उतराव्यात, हे मानाचे प्रश्न झाले. कुत्र्याचे फाटक ही या मानापमानाच्या व्यवस्थेतली शेवटची, आणि एकमेव प्रामाणिक, खूण म्हणावी लागेल. माणसांसाठी फाटक बसवावे लागत नसे, कारण माणसे आपापली पायरी ओळखून होती.

‘पायरी’ हा शब्द मराठीने असाच वापरला आहे. पायरीने वागावे, पायरी सोडून बोलू नये, आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. दगडाच्या एका ठोकळ्यात आपण अख्खी समाजरचना घडवून ठेवली. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि समोर, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी आहे. या दोन जागांमधले अंतर काही हातांचे. पण ते कापायला आपल्या समाजाला किती शतके लागली हे वर्गात सांगताना माझा आवाज आजही जरा बदलतो. आणि पायरी होऊन राहिलेल्या याच नामदेवांची दुसरी गोष्ट कुत्र्याची असावी, याचे मला राहून राहून नवल वाटते. कुत्र्याने कोरडी भाकर पळवली, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेले नामदेव आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहेत.

चढण आणि कुत्रे यांची गाठ महाभारतानेही घातली आहे. त्या ग्रंथाच्या आदिपर्वात यज्ञमंडपाजवळ आलेल्या सरमेच्या पोराला जनमेजयाचे भाऊ विनाकारण मारतात आणि सरमा जाब विचारायला येते. अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वात, इंद्र युधिष्ठिराला रथात चढायला सांगतो आणि कुत्र्याला मनाई करतो. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या आरंभी आणि शेवटाशी ‘कुत्र्याने कुठवर यावे’ हाच प्रश्न उभा आहे. ते कुत्रे प्रत्यक्ष धर्म होते हे पुढे उघड होते खरे. पण युधिष्ठिराचा नकार त्यापूर्वीचा आहे, तेव्हा त्याच्या लेखी ते केवळ मागोमाग आलेले एक जनावर होते. हा भाग शिकवताना आपण घाईघाईने धर्मरूपाकडे वळतो आणि त्या मूळ क्षणाची किंमत कमी करतो, असे माझे मत आहे.

पुन्हा इंग्लंडकडे येते. फाटकाआड राहिली ती शिकारी कुत्री. लहान कुत्र्यांची गोष्ट वेगळी होती. जॉन केयस या राजवैद्याने १५७० साली इंग्लंडमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक लहानसा ग्रंथ लिहिला आणि १५७६ मध्ये एब्रहॅम फ्लेमिंगने तो इंग्रजीत आणला. त्यात कुलीन स्त्रिया छातीशी धरून वागवतात, बिछान्यात घेतात, मेजावरचे भरवतात अशा चिमुकल्या स्पॅनियलांविषयी पुरेसा तुच्छतेचा मजकूर आहे. आणि लगोलग, अशा कुत्र्याची ऊब पोटदुखीवर गुणकारी असते, अशी वैद्याला साजेशी नोंदही आहे. शतकभराने दुसऱ्या चार्ल्सच्या स्पॅनियलांनी थेट राजाच्या शयनगृहात ठाण मांडले. जॉन एव्हलिनने राजाच्या मृत्यूनंतर, १६८५ मध्ये, रोजनिशीत नाक मुरडून लिहून ठेवले आहे की ती कुत्री तिथेच विऊन पिले पाजत आणि त्यामुळे दरबाराला दुर्गंधी येई.

या लाडक्या कुत्र्यांना जिन्याची अडचण कधी भासली नसेल काय? भासली नसणार, कारण ती जिना चढतच नसत. त्यांना उचलून नेले जाई. आपल्याला शोधायचा असलेला उतार किंवा लहान पायऱ्या जुन्या घरांत सापडत नाहीत, याचे मला सुचलेले स्पष्टीकरण एवढेच: दासीचे हात हाच त्या काळचा उतार होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात क्लोद सने या फ्रेंच कारागिराने १७७५ ते १७८० च्या सुमारास घडवलेले कुत्र्याचे एक घरकुल आहे. मारी आंत्वानेत राणीशी त्याचे नाव जोडले जाते. सोन्याचा मुलामा दिलेले लाकूड, आत मखमल, आणि दार मात्र जमिनीलगत. ऐश्वर्य पुरेपूर, पण पायरी एकही नाही. त्या कारागिराला लहान प्राण्याच्या पायांची जाण होती की ती केवळ फर्निचरची एक घाटणी होती, हे सांगणे कठीण. मला पहिला अर्थ आवडतो.

मांजराला कोणी उचलून न्यावे लागत नसे, त्याला फक्त वाट हवी असे. आणि ती मिळे, कारण मांजर कामाचे होते. चौसरच्या ‘मिलर्स टेल’मध्ये बंद दाराच्या तळाशी मांजराच्या येण्याजाण्याचे भोक आहे आणि नोकर त्याला डोळा लावून आत डोकावतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस अशी भोके इतकी परिचयाची होती की कथेचा एक सांधा त्यावर बेतता यावा! एक्सेटरच्या कथीड्रलमध्ये खगोली घड्याळाखालच्या दाराला असे गोल भोक अजून आहे. १५९८ मध्ये बिशप विल्यम कॉटनने सुतारांना आठ पेन्स देऊन ते पाडून घेतले. त्याच कथीड्रलच्या जमाखर्चात १३०५ पासून १४६७ पर्यंत मांजराच्या नावे तिमाहीला १३ पेन्स पडत असत. उंदीर मारण्याची ती तनखाच. (न्यूटनने मांजरीसाठी मोठे आणि पिलासाठी लहान अशी दोन भोके पाडल्याची गंमत सर्वत्र सांगतात, तिला आधार नाही, आणि भोकाची कल्पना त्याच्याआधी तीन शतके जुनी होती.) आज स्वित्झर्लंडमध्ये, विशेषतः बर्न शहरात, इमारतींच्या बाहेरून मांजरांसाठी लाकडी शिड्या लावलेल्या दिसतात. खिडकीपासून झाडापर्यंत, एका सज्जापासून दुसऱ्यापर्यंत. ब्रिगिट शुस्टर यांनी त्यांचा सचित्र अभ्यास करून २०१९ मध्ये पुस्तक काढले. या मांजरांना कोणी उंदीर मारायला ठेवलेले नाही. पगार बंद झाला आणि वाट मात्र रुंद झाली.

आता ज्या घराविषयी मला अधिक लिहायचे आहे तिथे येते. लंडन, ५० विंपोल स्ट्रीट. एलिझाबेथ बॅरेट आणि तिचा स्पॅनियल फ्लश.

१८४० च्या जुलैमध्ये टॉर्कीच्या समुद्रात एलिझाबेथचा लाडका भाऊ बुडाला. ती आधीच आजारी होती. आता जगण्याची इच्छाच संपली. अशा अवस्थेत तिची लेखिका मैत्रीण मेरी रसेल मिटफर्ड हिने तिला एक कुत्रा पाठवला. १८४१ च्या आरंभी फ्लश टॉर्कीला आला आणि त्याच वर्षी तिच्याबरोबर विंपोल स्ट्रीटच्या घरात. व्हर्जिनिया वुल्फने १९३३ मध्ये फ्लशचे चरित्र लिहिताना टॉर्कीचा हा काळ वगळला आणि कुत्र्याला थेट लंडनच्या त्या खोलीत आणून सोडले. कादंबरीच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच, कारण त्या पुस्तकाचे खरे पात्र ती खोलीच आहे. वरच्या मजल्यावरची, बंद खिडक्यांची, कोचावर पडून असलेल्या एका बाईची खोली. तिला खाली न्यायचे तर कुणीतरी उचलून न्यावे लागे. बागडण्याच्या वयाचा फ्लश त्या कोचाच्या पायथ्याशी राहिला.

या नात्यावर लिहिणारे बहुतेक जण कुत्र्याच्या निष्ठेविषयी बोलतात. मला त्यात जिना दिसतो. दोघांपैकी एकाला उतरता येत नाही आणि दुसऱ्याला येते. ज्याला येते तो उतरत नाही. तिने त्याच्यावर दोन कविता लिहिल्या, त्यांपैकी पहिलीत तर हाच कृतज्ञतेचा विषय आहे. पण पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. लंडनमध्ये तेव्हा धनिकांची कुत्री पळवून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या होत्या. फ्लश तीन वेळा चोरीला गेला. (वुल्फने तीन चोऱ्यांची एकच केली.) तिसरी चोरी सप्टेंबर १८४६ च्या पहिल्या तारखेची. वडिलांचा आणि भावांचा खंडणी द्यायला विरोध, आणि रॉबर्ट ब्राउनिंगचाही तत्त्वतः विरोध. हा पत्रव्यवहार उपलब्ध आहे आणि प्रेमात पडलेल्या दोन बुद्धिमान माणसांचे तात्त्विक भांडण म्हणून तो वाचण्यासारखा आहे. अखेर जिला वर्षानुवर्षे उचलून न्यावे लागे ती बाई दासीला घेऊन जिना उतरली, भाड्याच्या गाडीत बसली आणि शोरडिचच्या चोरवस्तीत जाऊन पोचली. सहा गिनी मोजून फ्लश परत आला. त्याच महिन्याच्या १२ तारखेला तिने गुपचूप लग्न केले आणि १९ तारखेला पती, दासी आणि कुत्रा यांच्यासह इटलीची वाट धरली. त्या वर्षी ती जिना उतरू लागली होती हे खरे, आणि त्याचे श्रेय रॉबर्टला द्यायचे की कुत्र्याला हा वाद व्यर्थ आहे. पण रॉबर्टचा विरोध असताना ती जो जिना उतरली, तो कुत्र्यासाठी, एवढे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे.

फ्लोरेन्सला कासा ग्विदीत फ्लश म्हातारा झाला. दिवसभर गल्लीबोळांतून भटके. पिसवांमुळे त्याचे केस भादरावे लागले. १८५४ मध्ये तो गेला आणि त्याच घराच्या तळघरात त्याला पुरले. ब्राउनिंग दांपत्य राहत होते वरच्या मजल्यावर. शेवटच्या दिवसांत हा म्हातारा स्पॅनियल तो जिना कसा चढत असेल? दासीने उचलले असेल, बहुधा.

आपल्याकडे म्हाताऱ्या जनावराचे काय होई? इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ मध्ये खंबायतला आला, तेव्हा त्याने तिथे आजारी पाखरांचे रुग्णालय पाहिले आणि चकित होऊन त्याचे वर्णन लिहिले. हॅटफील्डची फाटके तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभा राहिला. निरुपयोगी झालेल्या जनावराला मरेपर्यंत सांभाळणे ही आपल्या समाजातली मोठी गोष्ट आहे, आणि तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र पांजरपोळ घराबाहेर असतो. तिथे दया आहे, सहवास नाही. थकलेल्या जनावरासाठी घराची रचनाच थोडी बदलावी, हा विचार त्यात येत नाही, कारण ते जनावर घरात कधी आलेलेच नसते.

वाड्यांतही तसेच होते. जाड भिंतीच्या पोटातून चढणारा अंधारा, अरुंद जिना. एकेक पायरी हातभर वाटावी अशी उंच. चढताना दोराला धरायचे आणि डोके सांभाळायचे. कुत्रे दिंडीदरवाजापाशी किंवा ओसरीखाली. मांजराला मात्र माजघर, माळा, उतरंड, सगळीकडे मुभा. ही घरे गेली, सदनिका आल्या, आणि अंगण नावाची गोष्टच उरली नाही. तेव्हा कुत्रे पाळायचे तर तिसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्यात, गुळगुळीत चकचकीत फरशीवर. कुत्रे वर आले ते आपली माया वाढली म्हणून की खालची जागा संपली म्हणून, याचे उत्तर आपल्या अहंकाराला फारसे सुखावणारे नाही. युरोपात याच्याही आधी दोन महायुद्धांनी घरातले नोकर नाहीसे केले होते. उचलून नेणारे हात गेले, जिने राहिले, आणि कुत्री आधीच वर पोचली होती. सोफ्याला लावायच्या छोट्या पायऱ्या आणि गाडीला टेकवायचे उतार आज दुकानांत मिळतात, त्यांची वंशावळ मला इथे दिसते.

याखेरीज एक गोष्ट आहे, आणि ती चिमीच्या बापाकडून आलेली आहे. डॅशंड या जर्मन नावातला ‘डाख्स’ म्हणजे बिज्जूसारखा बिळात राहणारा बॅजर. त्याच्या बिळात शिरता यावे म्हणून शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून हे आखूड पायांचे, लांब अंगाचे कुत्रे घडवले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बिळातून दिवाणखान्यात आले. इंग्लंडमध्ये त्याचा क्लब १८८१ मध्ये आणि जर्मनीत १८८८ मध्ये निघाला. मॅथ्यू आर्नल्डने आपल्या गाइस्ट नावाच्या डॅशंडवर लिहिलेली शोककविताही १८८१ चीच. शिकार संपली, शरीर राहिले. आणि त्या शरीरात एक दोष दडला होता. मणक्यांच्या मधोमध जी मऊ चकती असते, ती या जातीत ऐन तारुण्यातच कोरडी आणि चुनखडीसारखी कठीण होऊ लागते. मग एखाद्या दिवशी ती फुटून मज्जारज्जूवर दाब आणते आणि मागचे पाय जातात. स्वीडनच्या हान्सेन यांनी १९५२ मध्ये या ऱ्हासाचा मूलभूत अभ्यास प्रसिद्ध केला. निरनिराळ्या पाहण्यांनुसार साधारण पाच डॅशंडांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी हा त्रास होतो. २००९ मध्ये आखूड पायांमागची जनुकीय प्रत सापडली, आणि २०१७ मध्ये त्याच जनुकाची दुसरी एक प्रत सापडली, जी चकतीच्या या आजाराशी जोडलेली आहे. म्हणजे जिना आपला, आणि त्या जिन्याला न पेलणारे शरीरही आपणच घडवलेले.

यावरून ‘जिना वाईट’ असा सरळ निष्कर्ष काढून मी मोकळी झाले असते. पण वाचत गेले तसे प्रकरण अवघड झाले. डेन्मार्कमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बेताने जिना चढणाऱ्या आणि पुरेसे हिंडणाऱ्या डॅशंडांच्या चकत्या कमी कठीण झालेल्या आढळल्या. ब्रिटनमध्ये २०१५ साली दोन हजारांहून अधिक डॅशंडांच्या मालकांकडून माहिती गोळा केली, तर जी कुत्री दिवसाला अर्ध्या तासाहून कमी हिंडत आणि ज्यांना कोचावर उडी मारायला बंदी होती, त्यांच्यातच आजाराचे प्रमाण अधिक निघाले. अर्थात आजार झाला म्हणून बंदी घातली, असेही असू शकते. कार्यकारणाचा हा गुंता अशा पाहणीतून सुटत नाही. याउलट नॉर्वेतल्या २०१२ च्या अभ्यासात न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर यांसारख्या मोठ्या जातींच्या ज्या पिलांना तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढावा-उतरावा लागला, त्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष अधिक दिसला. थोडक्यात, पिलाला जिना नको, धडधाकट जनावराला बेताचा जिना चालतो, एकदा पाठ दुखावलेल्याला किंवा म्हाताऱ्याला तो जपूनच हवा. हॅटफील्डच्या फाटकासारखे सर्वांना एकच उत्तर इथे लागू पडत नाही. मांजरांविषयी तर आपण अगदीच गाफील असतो. अमेरिकेत २००२ मध्ये बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांची क्ष-किरण छायाचित्रे तपासली, तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज सापडली. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. ते फक्त कपाटावर चढायचे सोडून देते, आणि आपण म्हणतो, शांत झाले हो आता.

सुताराच्या प्रश्नाचे उत्तर मला या सगळ्यात कुठेतरी मिळाले असावे, कारण दुसऱ्यांदा तो आला तेव्हा मी मापे लिहून ठेवली होती. सबंध जिन्याला उतार करणे शक्य नव्हते. आमचा जिना इतका उभा आहे की त्यावर फळी टाकली तर ती घसरगुंडीच होईल. मुलाच्या मते मी हे प्रकरण भूमितीऐवजी साहित्यातून सोडवायला निघाले होते. शेवटी माझे टेबलच खाली, आईच्या खोलीशेजारी आणले. उतार केला तो अंगणातून ओट्यावर येण्यासाठी. दीड फूट चढायला साडेसहा फुटांची फळी, रुंदी दीड फूट, दोन्ही कडांना बोटभर उंच पट्टी, आणि वर काथ्याची चटई घट्ट ठोकलेली. नुसते पॉलिश केलेले लाकूड ठेवले असते तर पाय रोवलाच गेला नसता. खाटेशी दोन बुटक्या, रुंद पायऱ्या. आत भरीव, कारण पोकळ खोका हलतो आणि एकदा हलला की जनावर पुन्हा त्यावर पाय ठेवत नाही. खाटेपासून दारापर्यंत फरशीवर जुनी सतरंजी, तीही खालून रबर लावून. नखे वेळेवर कापायची, पंजाच्या गाद्यांमधले केस काढायचे, रात्री एक मंद दिवा ठेवायचा. उचलायची वेळ आलीच तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, पाठ आडवी. लहान मुलासारखे काखेत धरून उभे लोंबकळवायचे नाही. हे शेवटचे मला पशुवैद्यांनी दोनदा करून दाखवले, कारण पहिल्यांदा मी चुकले.

उतारावर तिने पाय ठेवावा म्हणून आठ दिवस गेले. प्रथम फळी जमिनीवर सपाट ठेवली आणि तिच्यावर भाकरीचे तुकडे टाकले. मग एका टोकाखाली एक वीट. मग दोन. तीन विटांना तिने पुन्हा संप केला. आई पलंगावरून हे पाहत असे. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. माडीवर येणे तिने चिमीच्या आधी दोन वर्षे सोडले आणि तेव्हा तिने कारणही सांगितले नव्हते. वर काय ठेवले आहे, एवढेच म्हणाली होती. कुत्रीसाठी फळी ठोकण्यावर तिचा मुळात आक्षेप होता. पण तिसऱ्या विटेपाशी गाडे अडले तेव्हा तीच म्हणाली, ‘तिला घाई करू नकोस. पाय उचलायचा म्हणजे आधी मनात उचलावा लागतो.’

जिन्याच्या पायथ्याशी आता एक फाटक आहे. लाकडी, कमरेइतके, दोन्ही बाजूंनी उघडणारे. हॅटफील्डच्या फाटकाइतके कोरीव नाही. मी वर पुस्तक आणायला गेले की चिमी त्याच्या फटीतून नाक घालून उभी राहते, आणि मी उतरेपर्यंत तिथून हलत नाही. सुतार जाताना ओट्याच्या उताराला एका बाजूने कठडा लावून गेला. कठड्याची मी मागणी केली नव्हती. तो आईने सांगितला होता.